छप्पर कुणाचं, मीटर कुणाच्या नावावर?

(चिंचणी येथे बचत गट आणि महिला संघटनांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यासाठी माझा विषय ठरला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, पोटगीचे, मारहाणीचे, रेशनचे एवढे प्रश्न पडलेत आणि तू सोलरवर काय बोलणार? ते इंजिनीअरचं काम. विचारणं बरोबर आहे. मी समाजकार्य शिकले, वीज नाही. पण अलीकडे गटांच्या बैठकीला जावं, तर सोलरवाल्याचा माणूस आधीच फाईल घेऊन बसलेला असतो. ‘ताई, बिल शून्य. गटाला कर्ज आम्हीच मिळवून देतो, तुम्ही फक्त सह्या करा.’ बायका सह्या करतात. सह्या करायला बायकाच पुढे असतात, कारण गट बायकांचे, आणि बँकेला ठाऊक आहे की बाई हप्ता बुडवत नाही. म्हणून हा प्रश्न आपला आहे. आपण त्याच्याकडे वस्तू म्हणून बघू नये, मालमत्ता म्हणून बघावं, एवढं सांगायला मी उभी आहे.

विजेशी या पट्ट्याचं नातं मोठं विचित्र आहे. खाडीच्या पलीकडे तारापूरला देशातला पहिला अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला. पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज देतं. बोईसरला औद्योगिक वसाहत. म्हणजे देशाला वीज कशी मिळते हे आपल्या दारातून दिसतं. आणि याच तालुक्यांच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर बायकांनी रॉकेलच्या चिमणीवर किती वर्षं काढली, ते इथे बसलेल्या पाड्यावरच्या मैत्रिणी सांगतील. वीज जवळ तयार झाली म्हणून ती जवळच्या बाईला मिळते असं नाही. छपरावरच्या विजेचंही तेच होऊ शकतं, अंतर कितीही कमी असलं तरी.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ, कारण ती समजल्याशिवाय सही करायची नाही. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट उघडं, सावली नसलेलं छप्पर लागतं. चांगल्या उन्हात त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. समजा तुमच्या गटाची मसाला कांडपाची दोन हॉर्सपॉवरची मोटर आहे, म्हणजे दीड किलोवॉट. ती दिवसाला तीन तास चालली की साडेचार युनिट. मासळी ठेवायचा डीप फ्रीज दोन-तीन युनिट खातो. दिवे, पंखा, वजनकाटा धरून झाले आठेक युनिट. या गटाला दोन किलोवॉट पुरतं. पाच किलोवॉट विकायला कुणी आला, तर त्याला विचारा, कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत चहा द्या, सही देऊ नका. (हशा)

दुसरी गोष्ट सांगितली की निम्म्या बायकांचे चेहरे पडतात. बहुतेक ठिकाणी जे बसवलं जातं त्याला ऑनग्रिड म्हणतात. पॅनेलची वीज आपण वापरायची, उरलेली महावितरणच्या तारेत जाते, नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिलातून वजावट होते. रात्री फ्रीज महावितरणवर चालतो, दिवसा आपण परत करतो. हिशेब चांगला आहे. पण महावितरणची वीज गेली की ही छपरावरची वीजही बंद होते! भर दुपारी, डोक्यावर ऊन तापत असताना. त्यामागे कारण आहे. वायरमन खांबावर दुरुस्ती करत असेल आणि आपल्या छपरावरून तारेत वीज गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे योग्यच आहे. पण ज्या बाईनं ‘लाईट गेले तरी फ्रीज चालेल’ म्हणून कर्ज काढलं, तिला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. लाईट गेल्यावरही काम चालायला हवं असेल तर बॅटरी लागते. साधी ॲसिडची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, आणि बरेचदा कर्ज फिटायच्या आत दुसरी बॅटरी घ्यायची वेळ येते. शिवाय मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवर कांडप चालत नाही, ट्रिप होतं. तेव्हा आधी हे ठरवा की बिल कमी करायचं आहे, की वीज गेली तरी काम चालू ठेवायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे.

समुद्राचंही सांगते. चिंचणी, वरोर, दांडी, नवापूर, सगळीकडे खारा वारा. साध्या रंगवलेल्या लोखंडी सांगाड्याला तो खाऊन टाकतो. जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट हवेत. पॅनेलवर खाऱ्या हवेची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागायचं. २०२० साली निसर्ग, २०२१ साली तौक्ते, दोन वादळं आपण पाहिली. पत्र्याला नुसती हुकं मारून बसवलेलं पॅनेल अशा वाऱ्यात शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं.

एवढी माहिती कुणीही देईल. मी खरी आले आहे ती कागदांसाठी.

तीन कागद बघायचे. पहिला, छप्पर कुणाचं? त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८. दुसरा, वीजबिलावर नाव कुणाचं? तिसरा, पॅनेलच्या पावतीवर नाव कुणाचं, आणि कर्जाच्या कागदावर कुणाचं? बैठकीत हा प्रश्न मी विचारला की उत्तर जवळजवळ पाठ झालेलं असतं. घर सासऱ्याच्या नावावर. मीटर सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. मीटर त्यांच्या नावावर म्हणून पावतीही त्यांच्याच नावावर. आणि कर्ज? कर्ज बाईच्या नावावर, गटातून.

आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई सांगते. कुठल्या गावची ते नको. मासळी विकणारी, हुशार, हिशेबाला पक्की. उरलेली मासळी संध्याकाळी पडत्या भावात द्यावी लागते म्हणून तिनं गटातून कर्ज काढून डीप फ्रीज घेतला, वर पॅनेल बसवली. दोन वर्षं व्यवसाय छान चालला. मग नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला दोन मुलांसकट माहेरी पाठवलं. फ्रीज तिकडे, पॅनेल तिकडे, त्याच्यावर आता दिराचं कोल्ड्रिंकचं दुकान चालत होतं. हप्ता मात्र हिचा. दोन महिने हिला जमलं नाही, तेव्हा गटातल्या बाकीच्या नऊ जणींनी भरला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात स्त्रीधन आणि तिच्या वस्तू परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, म्हणून आम्ही अर्ज केला. फ्रीजची पावती तिच्या नावावर होती. तो चौदा महिन्यांनी मिळाला. पॅनेलची पावती नवऱ्याच्या नावावर, कारण मीटर सासऱ्याचा आणि ‘व्यवहार पुरुषमाणसानं करावा’ असं घरातल्यांचं म्हणणं. ती पॅनेल आजही तिथेच आहेत. ती बाई मला म्हणाली, ‘ताई, ऊन पण त्यांच्याच नावावर झालं.’

कुणाला वाटेल, ही एका घराची गोष्ट. तसं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून देण्याचा आग्रह धरला गेला. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती राज्यात झाली. देशभर ती २००५ मध्ये आली. इतकी वर्षं आपण सातबारा आणि घराच्या उताऱ्यावर नाव लावण्यासाठी भांडतो आहोत. आणि आता नव्यानं एक मालमत्ता तयार होते आहे, घराच्या डोक्यावर, पंचवीस वर्षं टिकणारी, रोज पैसे देणारी. तिच्यावर पहिल्या दिवशी नाव लागलं नाही तर पुन्हा तीच लढाई शून्यापासून लढावी लागेल.

सरकारी योजनांची भाषा बघा. शेतीच्या सौर पंपासाठी राज्याची योजना आहे, नाव ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. योजना चांगली आहे, पण ‘मागेल तिला’ कधी? तिला मागायचं तर सातबारा तिच्या नावावर हवा.

धंद्याच्या सोलरचं गणित तर आणखी गमतीचं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण फक्त घरगुती ग्राहकाला. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मीटरला ते नाही. दुसरीकडे, बोईसरच्या वसाहतीत मोठ्या शेडवर पॅनेल घालणाऱ्या कंपनीला आयकरात वर्षाला ४० टक्के दरानं घसारा मिळतो. म्हणजे जिला मोठा नफा, मोठा कर, तिला सवलत. घराला अनुदान. आणि मधे आपली पापड, मसाला, सुकी मासळी, शिलाई करणारी बाई. भाड्याच्या गाळ्यात तिनं व्यावसायिक मीटर घेतला की अनुदान नाही, आणि आयकर भरण्याइतकी कमाई नसल्यानं घसारा तिच्या काय कामाचा? दर मात्र घरगुतीपेक्षा बराच जास्त. या मधल्या बाईसाठी धोरण कुठे आहे, हा प्रश्न आपल्या संघटनांनी जिल्हा उद्योग केंद्रात आणि विधानसभेत न्यायला हवा. मला हा अन्याय अजाणता झालेला वाटतो, पण अजाणता झाला म्हणून तो लहान होत नाही.

तोपर्यंत एक वाट आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांमध्ये गेली अनेक वर्षं अशी तरतूद आहे, की राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. पुष्कळ बायकांना हे माहीत नसतं आणि कुणी दरडावलं की घाबरून त्या मीटर बदलून घेतात. चालू आदेशातलं पान छापून जवळ ठेवा आणि महावितरणच्या कार्यालयात नेऊन दाखवा.

अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांसाठी २०२० पासूनची केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान, आणि गटातल्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल. वाळवणाची यंत्रं त्या प्रकल्पात मांडता येतात का, ते अर्ज करण्याआधी जिल्ह्यातल्या साधनव्यक्तीकडून लेखी घ्या.

आणि वाळवणावरून आठवलं. सोलर म्हटलं की सगळ्यांना वीजच दिसते. पण आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सूर्यावर धंदा करत आल्या आहेत! बोंबील, जवळा, मांदेली, चिकूच्या फोडी, मिरच्या, सगळं उन्हावरच. त्या उघड्यावरच्या वाळवणाला कावळे, कुत्री, धूळ आणि अवकाळी पाऊस. बंदिस्त सौर वाळवणी यंत्रात माल लवकर आणि स्वच्छ वाळतो, वीज जवळजवळ लागतच नाही, आणि ते उचलून दुसरीकडे नेता येतं. मराठवाड्यात एस-फोर-एस नावाच्या संस्थेनं शेतकरी बायकांकडे अशी यंत्रं दिली, त्यांच्याकडून कांदा, आलं वाळवून घेतलं. २०२३ साली तिला अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिकूवाल्या बायकांनी यावर जरूर विचार करावा. मात्र अशा प्रत्येक व्यवस्थेला मी एक प्रश्न विचारते: वाळलेल्या मालाचा भाव कोण ठरवतं? यंत्र बाईच्या अंगणात आणि भाव दुसऱ्याच्या हातात, असं असेल तर ती घरी बसून केलेली मजुरीच आहे.

शेजारच्या गुजरातमध्ये कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या आगरिया बायकांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. खारं पाणी उपसायला त्यांना डिझेलचा पंप लागायचा आणि हंगामाची बरीचशी कमाई डिझेललाच जायची, तेही व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. ‘सेवा’ संघटनेनं या सभासद बायकांना कर्जावर सौर पंप मिळवून दिले. त्यातली खरी गोष्ट पंपाची नाही, व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटण्याची आहे. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी स्त्रियांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं पॅनेल तयार करण्याची कंपनीच उभी केली, आणि भागधारक त्या स्वतः आहेत. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे बायकांबरोबर उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोगाचं काम पुढे सौर दिवे आणि सुधारित चुली विकणाऱ्या सखींपर्यंत गेलं. प्रेमा गोपालन यांनी ते उभं केलं. २०२२ साली त्या गेल्या.

काम कोण करतं, हेही बघू. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सी आणि सीईईडब्ल्यू यांच्या २०१९ च्या अभ्यासात भारतातल्या छपरावरच्या सौर उद्योगात स्त्रियांचं प्रमाण ११ टक्के आढळलं. त्यातल्याही बऱ्याच जणी कचेरीत. शिडीवर चढणारी, वायर जोडणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? आमच्या मुली झाडावर चढून ताडगोळे काढणाऱ्यांच्या घरातल्या, आणि त्यांना शिडीची भीती वाटेल म्हणे! जवळच्या आयटीआयमध्ये जा आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुली किती ते मोजून या.

मात्र एक काम बाईकडे न मागता येतं. पॅनेल पुसण्याचं. बोईसरच्या बाजूला धूर आणि धूळ, किनाऱ्याला मिठाचा थर. पंधरा दिवसांनी पुसलं नाही तर वीज कमी होते. पाणी कोण वाहून नेणार? फेब्रुवारी-मार्चनंतर घरात प्यायला पाणी आणायची मारामार, त्यात छपरावर चार बादल्या! बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग धरतात. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये, सकाळी लवकर पुसावं, म्हणजे पुन्हा बाईची पहाट. गटाच्या हिशेबात या कामाचे तास लिहा आणि त्याची मजुरी लावा. कोणत्याही प्रकल्प अहवालात हा खर्च मी पाहिलेला नाही. तिथे देखभाल म्हणजे कंपनीच्या माणसाची वर्षातून दोनदा भेट.

आता करायचं काय? आमच्याबरोबरच्या एका गटानं काय केलं तेवढं सांगते. त्यांचं काम भाड्याच्या शेडमध्ये, अकरा महिन्यांचा करार. त्यांनी मालकाकडून ना हरकत घेऊन वीजजोडणी गटाच्या नावावर घेतली. पॅनेल छपराला भोकं पाडून न बसवता सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वजनावर बसवून घेतली आणि वाऱ्याचा हिशेब इंजिनीअरकडून लेखी घेतला. पावती, हमीपत्र, विमा, सगळं गटाच्या नावावर. भाडेकरारात कलम घातलं, की पॅनेल, सांगाडा, इन्व्हर्टर ही गटाची जंगम मालमत्ता आहे, जागा सोडताना गट ती काढून नेईल. हे सगळं व्हायला चार महिने लागले, विकायला आलेला माणूस कंटाळून गेला, दुसरा आला. त्यांचं काही अडलं नाही.

ज्यांचं काम घरातच आहे त्यांनी सासरे-नवरा यांच्याकडून असाच कागद ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घ्यावा. घरात अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं तुम्ही म्हणाल. बँक तुमच्याकडून वीस सह्या घेते, तेव्हा ती अविश्वास दाखवते असं कुणी म्हणतं का? नमुना ८ वर घर दोघांच्या नावे लावायचा अर्जही त्याच वेळी द्या. आणि ‘फुकट बसवून देतो, फक्त वीज आमच्याकडून घ्या’ असा पंधरा-पंचवीस वर्षांचा करार कुणी आणला, तर तो मराठीत मागा. मधेच धंदा बंद पडला तर काय, छप्पर गळलं तर कोण भरणार, दर दरवर्षी किती वाढणार, या तीन ओळी त्यात शोधा. सापडल्या नाहीत तर वकील मैत्रिणीला दाखवा.

‘बिल शून्य’ यावरही एक शब्द. स्थिर आकार राहतोच. जादा युनिट मार्चअखेर उरले तर त्यांना मिळणारा भाव तुम्ही विकत घेता त्या भावापेक्षा कमी असतो. म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा, तो तुमचा खरा दर. त्यावरून किती वर्षांत पैसे फिटतात ते गटात बसून काढा. आकडेमोड सातवीतली मुलगीही करेल.

मी सांगितलं होतं की येताना वीजबिल आणि नमुना ८ ची झेरॉक्स आणा. ज्यांनी आणली असेल त्यांनी जेवणानंतर पुढच्या टेबलाकडे यावं. बिलावरचा मंजूर भार कुठे लिहिलेला असतो तिथून सुरुवात करू, आणि ज्यांना घरावर नाव लावायचं आहे त्यांचे अर्ज आजच भरून घेऊ. कोरे फॉर्म मी चाळीस आणले आहेत.